अण्णांचं कोरं पान

१

पाटलांच्या घरातून जे नाहीसं झालं होतं, ते घरातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं.

"बघितलं असतं तर एवढा जीव जळला नसता, हंबीरभावजी," राजमतीअक्का म्हणाल्या. "एकदा डोळ्यांखालनं गेलं असतं, तर जाऊ दे की म्हटलं असतं. पर न वाचताच गेलं."

मी विमा कंपनीत दावे तपासायचो. दुकान जळालं की जाळलं, म्हैस मेली की मारली, हे हुडकून काढायचं काम. निवृत्त झालो तेव्हा पेन्शनबरोबर संशयी स्वभावही घरी घेऊन आलो. आता टाकाळ्यावरच्या आमच्या गल्लीत कुणाची चप्पल हरवली तरी लोक माझं दार वाजवतात. मला ते आवडतं. उगाच नाही कशाला म्हणू?

खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपवर पांढरं शुभ्र पान. समोर खुर्चीत नेमगोंडा पाटील बसले होते. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. ते गणिताचे मास्तर. माझ्या दोन्ही मुलांचं गणित त्यांच्याच हाताखाली सुधारलं. मला बघून ते अदबीनं हसले.

"मीटर बाहेर आहे," ते म्हणाले. "जिन्याखाली बघा."

अण्णांची आठवण दोन वर्षांपासून झिजत चालली होती. हल्ली चहा गार होईपर्यंतही एखादी गोष्ट टिकत नसे. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. म्हणून मुलानं, वृषभनं, लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम घालून दिला. आपण बोलायचं, त्यानं मराठीत लिहून घ्यायचं. जन्मभर कामापुरतंच बोललेला हा माणूस रोज सकाळी त्या यंत्राशी गप्पा मारू लागला. शाळा, विहीर, जुने विद्यार्थी, जे आठवेल ते. संध्याकाळी वृषभ ते जतन करून ठेवायचा.

"आज सकाळी मी बस्तीत दर्शनाला गेलतो," अक्का जैन मंदिराच्या दिशेनं हात करून सांगू लागल्या. आमच्याकडच्या बायका 'गेलतो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे दचकतात, आम्ही नाही. "आलो तवर ह्यांचं सांगून झालंतं. मला बघून म्हणाले, ये, आज तुझंच सांगितलंय ह्याला, वाच. आवं, पन्नास वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्याबद्दल बरं न्हाई, वाईट न्हाई, एक अक्षर काढलं न्हाई! भाजी आळणी झाली तरी गप खाणार. मी पळतच चष्मा आणाय गेलो. चष्मा लावून बघतो तर पान कोरं."

"अण्णांनाच परत सांगायला सांगितलं?"

"सांगितलं की. म्हणतात, कुणाबद्दल?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आवाज चढवला. "तुम्ही घरात एकेकाला बसवून नीट पुसा, भावजी. कुणाची भीड धरू नका. आन् त्या चिमणाबाईला आधी. सारखी ह्या टेबलावर फडकं मारत असती. तिनंच कायतरी दाबलंय. आज सांजच्याला तिचा हिशेब करून टाकतो, उद्यापास्नं तिनं ह्या घराची पायरी चढायची न्हाई."

चिमणाबाई गगनबावड्याकडची. या घरात बारा-चौदा वर्षं भांडी, फरशी आणि अण्णांची उठबस करत होती. आता ती स्वयंपाकघराच्या दारात खाली मान घालून उभी होती. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो असा माझा अनुभव, त्यामुळे तिचं गप्प राहणं मला खटकलंच.

"सकाळपासून याला कुणी हात लावलेला नाही ना?" मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"कुण्णी न्हाई. मी लावूच दिला न्हाई."

मी चष्मा सावरून पडद्यावर वाकलो. कोऱ्या पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरं होती, 'नमस्कार! आज काय लिहायचं?'

प्रोग्रॅम नव्यानं उघडला की तो हे विचारतो. सकाळपासून उघडाच असता, तर हा नमस्कार केव्हाच निघून गेला असता. कुणीतरी तो बंद करून पुन्हा उघडला होता, आणि घरातलं कुणीतरी ते लपवत होतं.

२

वृषभचं गुजरीत चांदीचं दुकान आहे. दुपारी तो जेवायला आला तेव्हा मी त्याला गच्चीवर नेलं. ज्याला कपाळावर घाम येतो त्याला उन्हात उभं करावं, म्हणजे घामाचं कारण त्याला सांगता येतं आणि तो निवांत खोटं बोलतो. निवांत खोटं पकडायला सोपं.

"बंद तू केलास," मी म्हटलं.

"काय बंद केलं, काका?"

"आईनं हाक मारली तेव्हा तू घरीच होतास. प्रोग्रॅम तू घातलेला. घरात दुसरं कोण हात लावणार?"

तो पाण्याच्या टाकीला टेकला. "आई ओरडत होती. मी बघितलं तर पान कोरं. आई चिमणाबाईला बोलायला बाहेर गेली तेवढ्यात मला वाटलं, अडकलंय, बंद करून चालू करूया. दुकानातला काटा अडकला तरी आम्ही हेच करतो. तर त्यानं विचारलं, बदल जतन करायचे का?"

"आणि?"

"कोऱ्या पानाचं काय जतन करायचं? मी 'नाही' दाबलं." त्यानं मान खाली घातली. "नंतर ट्यूब पेटली. बंद केलं नसतं, तर दोन बटणांत सगळं माघारी आलं असतं. आता आईला कुठल्या तोंडानं सांगू?"

इथवर ठीक होतं. घाबरलेला माणूस नेमकं नको तेच बटण दाबतो. पण वृषभ माझ्याकडे बघत नव्हता, खाली रस्त्याकडे बघत होता.

"अजून काय आहे?"

"खरं सांगू का, काका? कोरं पान बघून मला क्षणभर बरंच वाटलं." त्याचा आवाज बसला. "मागच्या आठवड्यात मी अण्णांवर हात उगारला. मारलं न्हाई हां. नुसता उगारला. ते सारखे तेच तेच विचारत होते. ते माझ्याकडं बघत राहिले. तेच त्यांनी सांगितलं असलं तर? आई ते वाचणार होती."

"आईबद्दल सांगितलंय, असं ते म्हणाले होते."

"ते कुणाला काय समजून बोलतात, सांगता येतंय व्हय?" तो एकदम चिडला. "आणि मीच एकटा काय म्हणून? पान कोरं झालं त्यानंतर मी आलो. आधी कोण होतं खोलीत? प्रियाला विचारा की."

नवऱ्यानं बायकोकडे बोट दाखवलं की विमा कंपनीत आम्ही फाईल जाड करायचो. मीही केली, मनातल्या मनात.

३

पण आधी पान कसं कोरं झालं हे कळायला हवं होतं. लॅपटॉप काखेत मारून मी राजारामपुरीत गेलो. तेजस्वी घाटगे तिथे संगणक दुरुस्तीचं दुकान चालवते. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून लग्नाचे फोटो काढून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते.

"काका, तुम्ही चालू करून किती वेळ वापरलाय हा?" मी पोचल्या पोचल्या तिनं दटावलं.

"मी फक्त बघितला."

"बघितलाच असतो सगळ्यांनी. आता हात लावायचा नाही. असले प्रोग्रॅम बोलणं ऐकता ऐकता मधूनमधून एक कच्ची प्रत बाजूला टाकत असतात. ती आपल्याला दिसत नाही. पुसलेली असली तरी वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर निघू शकते. उद्या सांगते."

"आज सांग. आज संध्याकाळी एका बाईचं काम जातंय."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती कामाला लागली. मी समोरच्या टपरीवर दोन कप चहा संपवला. परत आलो तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या होत्या.

"मजकूर अजून हाती लागला नाही. पण एक गोष्ट लागलीय. हा प्रोग्रॅम नुसता लिहून घेत नाही, तोंडी हुकूमही ऐकतो. 'नवी ओळ' म्हटलं की नवी ओळ, 'जतन करा' म्हटलं की जतन. शेवटचा हुकूम कुठला मिळाला, याची नोंद त्याच्याकडे राहते."

"मग? कुठला होता?"

तिनं पडदा माझ्याकडे वळवला. तिथे दोनच शब्द होते.

सगळं पुसा.

"हे आपोआप झालेलं नाही, काका. कुणी बटणही दाबलेलं नाही," तेजस्वी म्हणाली. "खोलीत उभं राहून कुणीतरी हे तोंडानं बोललंय."

"कुणाचा आवाज?"

"आवाज तो ठेवत नाही. फक्त शब्द ठेवतो. लहान-मोठा, बाई-पुरुष, त्याला सगळे सारखे."

४

रिक्षात मी त्या दोन शब्दांना उलटंपालटं केलं. 'पूस' नाही, 'पुसा'. म्हणजे जो बोलला तो मान देऊन बोलला. यंत्राला मुद्दाम हुकूम सोडला असेल तर प्रश्नच नाही. तेवढी माहिती घरात फक्त वृषभला, आणि त्याच्याकडून कळली असेल तर त्याच्या बायकोला. अण्णांना हुकूम लक्षात राहणं शक्य नव्हतं. मुद्दाम सोडलेला नसेल, तर समोरच्या मोठ्या माणसाला कुणीतरी तसं म्हटलं होतं.

प्रिया, म्हणजे प्रियदर्शनी, माहेरची पुण्याची, शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"तू चिमणाबाईंना अहो-जाहो करतेस," मी सहज म्हटल्यासारखं केलं.

"मावशींना? अर्थात. वयानं मोठ्या आहेत."

"फरशी पुसायला सांगताना काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? मावशी, आज सगळं पुसा, असं..." ती थांबली. "काका, तुम्ही हे का विचारताय?"

मी सांगितलं. ती धपकन पलंगावर बसली. चेहरा खडूसारखा पांढरा झाला.

"मी म्हणाले होते. आज सकाळीच, त्याच खोलीत. खिडकीतून धूळ येते म्हणून. मी केलं हे?"

"नकळत केलंस की जाणून?"

"काका!"

"अण्णा काय सांगत होते याची तुला भीती वाटत नव्हती?"

हा दगड मी अंधारात मारला होता. तो लागला. ती रडायला लागली आणि मग सगळं बोलली. महिन्यापूर्वी घरात कुणी नसताना तिनं अण्णांच्या खोलीला बाहेरून कडी लावली होती. ते रस्त्यावर जायचे, शाळेला उशीर झाला म्हणायचे. तिला पेपर तपासायचे होते. आतून ते कडी वाजवत राहिले. "मी कानात इयरफोन घातले, काका. असं कुणी करतं का? मला रोज वाटायचं, आज ते यंत्राला ते सांगतील."

या घरात प्रत्येकजण अण्णांच्या आठवणीला घाबरून होता. ज्या माणसाला काही आठवत नाही, त्याला एवढं घाबरायचं! मला वाईटही वाटलं आणि रागही आला. पण कोडं सुटलं होतं. सून फरशी पुसायला सांगते, यंत्र हुकूम समजतं, पान कोरं होतं. चुकून झालेली गोष्ट, कुणाचं वाईट नाही, चिमणाबाईचं काम शाबूत. मी मिशीवरून हात फिरवला आणि खात्री करायला म्हणून तिला मागच्या अंगणात गाठलं.

"सूनबाईंनी आज फरशी पुसायला सांगितली तेव्हा अण्णा बोलत होते ना लॅपटॉपशी?"

"छ्या!" चिमणाबाई भांडं घासता घासता म्हणाली. "आण्णा तवा न्हाणीघरात हुतं. फरशी वाळल्याबिगर त्यास्नी खोलीत न्हेतच न्हाई मी. मागं एकदा घसरल्यात. आदी पुसायचं, पंखा लावायचा, वाळलं की मग आण्णा. इचारा की कुणालाबी."

माझा हात मिशीवरून खाली आला. प्रियदर्शनी बोलली तेव्हा अण्णांनी एक शब्दही सांगितलेला नव्हता. यंत्रानं ते ऐकलं असतं तरी कोरं पानच कोरं झालं असतं. अण्णांचं बोलणं संपल्यावर, म्हणजे नंतर, कुणीतरी पुन्हा तेच शब्द उच्चारले होते.

"नंतर कोण गेलं खोलीत?"

ती घासणी जोरात फिरवू लागली.

"चिमणाबाई, संध्याकाळी तुमचा हिशेब व्हायचाय. आता नाही बोललात तर कधी बोलणार?"

"माजं काम जाऊ द्या की, पावणं. दुसरं मिळंल. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरची चाडी करू व्हय?"

"चहाडी नको. काय बघितलं तेवढं सांगा."

तिनं घासलेलं भांडं पालथं घातलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का सैपाकघरात आल्त्या. भिताडाकडं त्वांड करून हुभ्या राहिल्या. चष्मा काढला, पदरानं कोरडा केला, परत घातला. मग आत गेल्या आन् वरडल्या की पान गेलं. एवडंच. मी काय इचारलं न्हाई, त्यांनी काय सांगितलं न्हाई."

मी जागीच उभा राहिलो. अक्का म्हणाल्या होत्या, चष्मा लावून बघतो तर पान कोरं. मग ओरडण्याच्या आधीच त्यांचा चष्मा ओला कशानं झाला?

५

घरी येऊन मी आरामखुर्चीत पडलो. डोकं चालत नव्हतं. अक्कांनी स्वतःच पान कोरं करायचं कारण काय? जे वाचण्यासाठी त्या पन्नास वर्षं थांबल्या, ते त्या का पुसतील? आणि पुसलं असेल, तर मला कशाला बोलावतील? विम्याच्या धंद्यात स्वतःच आग लावून तक्रार करणारे खूप भेटले, पण ते भरपाईसाठी. इथे भरपाई कसली मिळणार होती?

फोन वाजला. राजमतीअक्काच होत्या. आवाज थकलेला.

"काय भावजी, काय लागलं का हाताला? सगळ्यांना पुसून झालं का?"

"झालं, अक्का. येतोच मी," असं म्हणून मी फोन ठेवला, आणि हात तसाच फोनवर राहिला.

पुसून झालं का.

माझी आई मुरगूडची. ती वारून वीस वर्षं झाली. तीही असंच म्हणायची. वाट पुसावी, भाव पुसावा, पाव्हण्याला ख्यालीखुशाली पुसावी. विचारणं म्हणजे पुसणं. सकाळी अक्कांनी मला 'एकेकाला बसवून नीट पुसा' म्हटलं, तेव्हा ते माझ्या कानाला इतकं घरचं वाटलं की मी ऐकलंच नाही. वृषभ 'विचारा' म्हणाला, प्रियदर्शनीही 'विचारताय' म्हणाली, चिमणाबाई 'इचारा' म्हणाली. अण्णांची भाषा तर शाळेतली. त्या घरात 'पुसा' म्हणून विचारायला सांगणारं माणूस एकच होतं, हुपरीहून सून होऊन आलेलं. आणि त्या पुण्या-मुंबईकडच्या यंत्राला पुसणं म्हणजे फक्त फडक्यानं पुसणं एवढंच ठाऊक.

पण अण्णांना त्या काय विचारायला सांगत होत्या?

तेवढ्यात तेजस्वीचा निरोप आला. कच्ची प्रत निघाली होती. तिनं सगळा मजकूर फोनवर पाठवला होता. मी वाचायला नको होतं, ते माझ्यासाठी नव्हतं. पण मी फक्त शेवटच्या ओळी वाचल्या. यंत्र अजून ऐकत होतं, त्यामुळे सांगून झाल्यानंतरचं, शेवटची प्रत पडेपर्यंतचं बोलणंही त्यात उतरलं होतं.

'ये आज तुझंच सांगितलंय ह्याला वाच'

आणि त्याच्या खाली,

'बाई आपण कोण'

६

मी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अक्कांनी चिमणाबाईला ओसरीवर बसवलं होतं. वृषभ आणि प्रियदर्शनी एकमेकांपासून लांब उभे होते. अण्णा खिडकीपाशी.

"चिमणाबाईंनी काही केलेलं नाही," मी म्हटलं. "वृषभनंही नाही, सूनबाईंनीही नाही. अक्का, तुमच्याशी आत जरा एकट्याशी बोलायचंय."

"हितंच बोला. मी काय चोर हाय व्हय?"

मला ते टाळायचं होतं. जन्मभर मी लोकांचं खोटं चव्हाट्यावर आणलं आणि त्याची कधी खंत केली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे खोटं राहू द्यावं. पण ओसरीवर चिमणाबाई बसली होती.

"तुम्ही चष्मा लावून खोलीत आलात ते एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा आलात तेव्हा पान भरलेलं होतं. अण्णांनी तुम्हाला विचारलं, बाई, आपण कोण?"

वृषभनं आईकडे बघितलं.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"काय देणार?" त्यांचा आवाज फुटला. "आवं, आत्ताच 'ये' म्हणालेले. चष्मा आणूस्तवर एवढ्यात? सगळ्यांना विसरले, लेकाला विसरले, मला न्हाई विसरले कवा. आज पैल्यांदा. माझ्या डोळ्यांत बघून पुसतात, आपण कोण. माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, मला काय पुसता? गल्लीला पुसा, गावाला पुसा, जावा, कोण मी ते सगळं पुसा..."

शेवटचे शब्द त्यांचे त्यांनाच ऐकू आले. त्यांनी लॅपटॉपची जागा बघितली, मग माझ्याकडे. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"मीच," त्या म्हणाल्या.

"यंत्राला तुमची बोली येत नाही, अक्का. एवढंच झालं."

"मी खोटं बोललो तुमच्याशी. कसं सांगणार? नवऱ्यानं ओळखलं न्हाई, हे लेकालाबी सांगवंना मला." त्या भिंतीला धरून खाली बसल्या. वृषभ पुढे झाला तशी त्यांनी त्याला हातानं थोपवलं आणि ओसरीकडे वळल्या. "चिमणे, तू बघितलंतंस न्हवं मला रडताना? मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगितलं न्हाई, मग मी कशाला सांगू?" चिमणाबाई म्हणाली.

"चुकलं माझं. पाया पडायला सांगू नकोस, गुडघं दुखत्यात. चल, आत ये. हितं बस माझ्याजवळ."

मी फोन पुढे केला. "सगळा मजकूर निघालाय, अक्का."

त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा नाकावर ठेवला आणि परत काढला. अक्षरं त्यांना दिसत नव्हती. प्रियदर्शनी जवळ येऊन बसली आणि त्यांच्या हातातून फोन घेऊन वाचू लागली.

'राजमतीला बघायला हुपरीला गेलो होतो तिथे घरातच पैंजणांचं काम चालायचं ती घुंगरं लावत बसली होती मोठ्यांची बोलणी चालली होती तिला कुणी काही विचारलं नाही तिनेच मान वर करून मला विचारलं गणिताचे मास्तर हसत नाहीत का मी हसलो त्याआधी मी कधी हसलो होतो मला आठवत नाही'

"असं म्हणालतो व्हय मी?" अक्का पुटपुटल्या. "लाज वाटली असंल सगळ्यांना."

'मला मुख्याध्यापक करायचं ठरलं होतं मग दुसऱ्याला केलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर राजमती फाटकाशी उभी होती म्हणाली भाजी आणायला आले होते म्हणून आले त्या बाजूला भाजी मिळत नाही हे तिलाही माहीत होतं मलाही माहीत होतं आम्ही रंकाळ्यावरून चालत घरी आलो ती भेंडीचे भाव सांगत होती मी ऐकत होतो तिने मला एकदाही काही विचारलं नाही मी काहीच बोललो नाही बोलायला हवं होतं ती आली नसती तर मी त्या दिवशी घरी आलो नसतो हे तिला सांगायचं राहिलं'

प्रियदर्शनी थांबली. पुढच्या दोन ओळी तिला दिसल्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं.

"पुढचं ठाव हाय मला," अक्का म्हणाल्या. "र्‍हाऊ दे."

वृषभ बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. अण्णा मात्र खुर्चीत पुढे सरकून लक्ष देऊन ऐकत होते, परीक्षेत एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यासारखा त्यांचा चेहरा होता. त्यांनी अक्कांकडे बघितलं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "या राजमतीबाई कोण? हयात आहेत का?"

अक्कांनी डोळे कोरडे केले नाहीत.

"हायत की."

"मग हे त्यांना कुणी वाचून दाखवलं का? दाखवायला हवं. राहून जातं माणसाचं."

"आत्ताच दाखवलं," अक्का म्हणाल्या.

"मग बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी शेजारची खुर्ची त्यांना बसायला पुढे ओढली.